शेवटच्या तासाची वाफ

दोनची शिफ्ट असली तरी टार्मो साडेबारालाच कागद गिरणीच्या फाटकातून आत शिरायचा. घरात त्याचे बूड टेकत नव्हते. एप्रिलमध्ये त्याची बायको हेल्का कायमची गेली, तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांपैकी कोणत्या खुर्चीवर बसावे हेच त्याला ठरवता येत नव्हते. आपल्या खुर्चीवर बसले तर समोरची रिकामी दिसे. तिच्या खुर्चीवर बसले तर आपणच घरातून गेलो आहोत असे वाटे. म्हणून तो उभ्यानेच कॉफी प्यायचा, कप विसळायचा, जाकीट चढवायचा आणि चालू पडायचा.

नदीकाठाने वाट सरळ होती. ऑक्टोबर सरत आला होता आणि बर्चच्या झाडांवर पान उरले नव्हते, त्यामुळे गिरणीच्या छपरातून निघणारा पांढरा लोट लांबूनच दिसायचा. लोट दिसला की टार्मोच्या पायांची घाई जरा कमी व्हायची. मशीन चालू आहे, एवढेच त्याला बघायचे असायचे.

कोस्कीलाच्या या गिरणीत कधीकाळी तीन मशिने होती. दोन मोडून विकली गेली. उरले ते तीन नंबरचे, एखाद्या गल्लीएवढे लांब. एका टोकाला लाकडाचा पातळ लगदा जाळीवर पडायचा, मधल्या भागात माणसाहून उंच, वाफेवर तापलेल्या गोल लोखंडी रुळांवरून तो कागद होऊन धावायचा आणि दुसऱ्या टोकाला गुंडाळला जायचा. खोकी बनवायचा जाड कागद. आता या मशिनावरही गदा आली होती. हे मशीन फार वाफ पिते, असे मालकांचे म्हणणे होते. नोव्हेंबर संपेपर्यंत टनामागे लागणारी वाफ ठरलेल्या आकड्याच्या खाली आणा, नाहीतर नव्या वर्षात मशीन बंद.

बाकीच्यांना नोकरीची काळजी होती. टार्मोला तीही नव्हती. साठी उलटलेल्या माणसाला कंपनी पैसे देऊन घरी बसवणार होती, आणि नेमके तेच त्याला नको होते. घरी बसायचे कुठे, हाच तर त्याचा प्रश्न होता.

वाफ कुठे जाते ते शोधायला कंपनीने टाम्पेरे शहरातून साना नावाची इंजिनिअर पाठवली होती. पस्तिशीची असेल. कंट्रोल रूममध्येसुद्धा लोकरीची टोपी काढायची नाही. तिने आल्या आल्या गळके सांधे बंद करून घेतले, उघड्या नळांना आवरणे घातली, मशीन झाकणाऱ्या मोठ्या पत्र्याच्या छत्रीतून बाहेर जाणारी गरम हवा पकडून तिच्यावर पाणी तापवायची सोय केली. कामाला वाघ होती, हे सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य केले. आकडा बराच खाली आला. पण हवा तेवढा आला नाही. जी वाफ अजून जास्त जात होती, तिचे भोक कुठेच सापडेना.

एका गुरुवारी तिने पाचही शिफ्टच्या प्रमुखांना बोलावले; रोज तीन शिफ्ट कामावर असायच्या, दोन सुट्टीवर. कॅन्टीनमधून वाटाण्याच्या सूपचा वास येत होता. पडद्यावर तिने एक रेघ दाखवली. रेघ सात तास सपाट जायची आणि आठव्या तासाला फुगायची. मग पुन्हा सपाट, मग पुन्हा फुगवटा.

"प्रत्येक शिफ्टच्या शेवटच्या तासात वाफ चढते," साना म्हणाली. "पाचही शिफ्टमध्ये. हे काय आहे?"

पाच जणांनी आपापल्या कपात पाहिले. टार्मोच्या शेजारी क्योस्टी बसला होता, रुंद खांद्यांचा, मान नसल्यासारखा माणूस. टार्मोच्या आधीची शिफ्ट नेहमी त्याची असायची आणि टार्मोच्या नंतरची योऊकोची.

"टेकड्या आहेत," शेवटी योऊको म्हणाला. "आपला मुलूख सपाट, म्हणून कुणीतरी काढल्या असतील."

कुणी हसले नाही, पण खुर्च्या जरा सैल झाल्या.

खरे तर सगळ्यांना ठाऊक होते. गिरणीत त्याला 'कोरडे देणे' म्हणत. शिफ्ट संपायच्या आधी तासभर वाफ जरा चढवायची, कागद जास्त वाळवायचा, म्हणजे पुढच्या माणसाच्या हातात मशीन पडताना कागद तुटण्याची धास्ती नसते. कागद ओलसर राहिला, एखादी कड कच्ची राहिली, तर तो पटकन तुटतो. मग पुढच्या शिफ्टने येऊन हातात कॉफीचा कप घ्यायच्या आधीच रुळांत अडकलेला गरम कागद ओढून काढत बसायचे. दुसऱ्याला ओले मशीन देणारा माणूस म्हणजे कामाला हलका माणूस. पूर्वी एकाने दिले होते. त्याच्याबरोबर गिरणीच्या सॉनात, वाफेच्या अंघोळीच्या खोलीत, कुणी बसेना, शेवटी तो बदली घेऊन उत्तरेला गेला. आणि मशीन कोरडे दिले की बोलायची गरज उरत नाही. येणारा दारातून आत येतो, जाणारा मान हलवतो, झाले. टार्मो आणि क्योस्टी अशी पिढीभर एकमेकांना मान हलवत आले होते.

पण हे सानाला सांगणार कोण?

सांगायची गरज पडली नाही. ती आठवडाभर शिफ्ट सुटताना कोपऱ्यात बसून बघत होती.

"शेवटच्या तासात तुम्ही कागद नको तेवढा वाळवता," ती म्हणाली. "मग पुढचा येतो. कागद कडक झालेला असतो, मोडायला लागतो, गिऱ्हाईक ओरडेल म्हणून तो त्यावर पाण्याचा फवारा मारतो. म्हणजे वाफ जाळून पाणी काढायचं आणि पंप लावून परत घालायचं."

"असं मोठ्याने म्हटलं की वाईट वाटतं," योऊको म्हणाला.

"शेवटच्या तासात कुणी वाफेला हात लावायचा नाही. त्याऐवजी जाणारा आणि येणारा, दोघांनी पंधरा मिनिटं एकत्र थांबायचं. कुठली कड ओली आहे, कुठला रूळ थंड आहे, काय कुरकुरतंय, ते सांगायचं."

"तोंडाने?" योऊकोने विचारले.

"तोंडाने."

"पंधरा मिनिटं?"

"पंधरा मिनिटं."

"त्यापेक्षा मशीनच बंद करा."

क्योस्टीने कप खाली ठेवला. उठला आणि सूप घ्यायला गेला.

पहिले काही दिवस टार्मोला फार जड गेले. सकाळची शिफ्ट होती. एक वाजला की त्याचे हात शिवशिवायला लागायचे. पडद्यावर ओलाव्याचा आकडा होता तिथेच असायचा, आणि त्याला वाटायचे की आत्ता तुटेल, योऊको दारात पाऊल टाकेल आणि तुटेल. तो उठायचा, मशिनाच्या कडेने शेवटपर्यंत चालत जायचा, परत यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. एकदा तर त्याने हात खिशात घालून खुर्ची पडद्यापासून लांब ओढली.

"ओलं आहे," योऊको आल्यावर तो म्हणाला.

"कुठे?"

"नदीकडची कड."

"बरं."

दोघे उभे राहिले. घड्याळाचा काटा हलता हलेना.

"अजून काही?" योऊकोने विचारले.

"नाही."

"हवामानाचं बोलायचं का?"

"नको."

पण कागद तुटला नाही. दुसऱ्या दिवशीही तुटला नाही. तिसऱ्या दिवशी तुटला, पण कड कोणती ते योऊकोला आधीच ठाऊक होते, त्याने माणूस तिथे उभा ठेवलाच होता, आणि थोड्या वेळात कागद पुन्हा धावायला लागला. योऊकोने फोन करून सांगितले, "तुझी कड तुटली. लावली परत." आणि फोन ठेवला. टार्मो जिन्यातच थांबला. गिरणीतून घरी आल्यावर त्याला कुणी फोन करावा, असे कैक वर्षांत झाले नव्हते.

हळूहळू फुगवटे बसत गेले. चार शिफ्टचे बसले. क्योस्टीचा बसला नाही.

क्योस्टी पंधरा मिनिटे थांबायचा, नियम म्हणून. खिडकीशी उभा राहायचा, मशिनाकडे बघत. "सगळं ठीक," म्हणायचा. आणि टार्मोच्या हाती मशीन यायचे ते पापडासारखे कोरडे.

नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा सानाने टार्मोला एकट्याला बाजूला घेतले.

"आपण आकड्याच्या अगदी जवळ आलोय. जे उरलंय ते सगळं या एका माणसाकडे आहे. शुक्रवारी मालकांबरोबर बैठक आहे. मला त्याचं नाव घ्यावं लागेल."

"मग?"

"मग ते त्याला मशिनावरून काढून गोदामात पाठवतील. मला ते आवडणार नाही. पण मशीन वाचवायचं की एका माणसाचा हट्ट सांभाळायचा?"

"दुसऱ्याच्या शिफ्टमध्ये आम्ही नाक खुपसत नाही," टार्मो म्हणाला.

"माहीत आहे. तेच तर तुमचं दुखणं आहे." तिने टोपी मागे सरकवली. "मला एक कळत नाही. त्याचा हा फुगवटा पूर्वी इतका नव्हता. इतरांसारखाच होता. एप्रिलच्या शेवटी एकदम वाढला. आणि जुलैमध्ये पुन्हा खाली, इतरांइतकाच. क्योस्टी सुट्टीवर होता का जुलैमध्ये?"

"नाही. तो ऑगस्टमध्ये जातो."

"मग जुलैमध्ये कोण नव्हतं?"

जुलैमध्ये गिरणीने टार्मोला बळेच सुट्टीवर पाठवले होते. तळ्याकाठच्या लाकडी झोपडीत तो महिनाभर वेड्यासारखा सरपण फोडत होता, चार हिवाळे पुरेल इतके. त्याच्या जागी दुसरा माणूस होता.

"बोलतो मी त्याच्याशी," तो म्हणाला, आणि जाकीट न घालताच बाहेर पडला. फाटकाशी पहारेकऱ्याने हाक मारली तेव्हा परत आला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. क्योस्टी सकाळच्या शिफ्टला होता. दोन वाजून गेल्यावर टार्मो गिरणीच्या सॉनात गेला. प्रत्येक शिफ्टची सॉनाची वेळ ठरलेली, आणि दुसऱ्याच्या वेळेत कुणी जात नाही. तो दार उघडून आत आला तेव्हा वरच्या फळीवर क्योस्टी आणि त्याची दोन माणसे उघडी बसली होती. तिघांनी त्याच्याकडे पाहिले.

"तुझी शिफ्ट नाही ही," क्योस्टी म्हणाला.

"नाही."

टार्मो खालच्या फळीवर बसला. कुणीतरी तापल्या दगडांवर पाणी टाकले. वाफ अंगावर आली, सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"शेवटच्या तासात वाफ का चढवतोस?" टार्मोने विचारले.

"इथे कामाचं बोलत नाहीत."

"मला माहीत आहे."

ती दोन माणसे उठली. "आम्ही जरा गार होऊन येतो," त्यांतला एक म्हणाला. दार बंद झाले.

"तू काय त्या पोरीचा वकील झालास?" क्योस्टीने विचारले.

"शुक्रवारी ती तुझं नाव घेणार. तुला गोदामात टाकतील."

"टाकू देत. गोदामात बसायला खुर्ची आहे."

"नाही टाकलं तर मशीन बंद होईल."

क्योस्टीच्या पाठीवरून घाम ओघळत होता, तो त्याने पुसलाही नाही.

"सगळ्यांना जमलं," टार्मो म्हणाला. "योऊकोला जमलं. त्याला तर स्वतःच्या बुटाची नाडी जमत नाही. तुला का जमत नाही?"

"जमतं मला."

"मग?"

"जुलैमध्ये कमी केली होती की."

"जुलैमध्ये मी नव्हतो."

"तेच म्हणतोय."

टार्मोने वळून वर पाहिले. क्योस्टी दगडांकडे बघत होता. बोलायला लागला तेव्हा सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलला.

"हेल्का गेली तेव्हा आमच्या हिने सांत्वनाचं कार्ड आणलं. म्हणाली, खाली दोन ओळी लिही. पेन घेऊन बसलो मी. सगळी संध्याकाळ गेली. काही सुचेना. नुसती सही केली."

"पोचलं कार्ड."

"सहीसुद्धा धड आली नव्हती." त्याने श्वास सोडला. "मग तू कामावर आलास. तुझा चेहरा पाहिला. वाटलं, याला निदान शिफ्टचे पहिले दोन तास तरी कागद तुटायला नको. तेवढं तरी कोणीतरी करावं. दुसरं काय होतं माझ्याकडे? वाफ होती."

टार्मोला आधी बरे वाटायला हवे होते, पण आधी आली ती लाज. एप्रिलपासून त्याच्या शिफ्टच्या सुरुवातीला कागद जवळजवळ तुटलाच नव्हता. बायको गेली, झोप गेली, जेवण गेले, पण मशीन आपल्या हातात अजून नीट चालते, या एका गोष्टीला धरून तो उभा होता. रोज घरी जाताना तो स्वतःशी म्हणायचा, आजही तुटला नाही.

"म्हणजे मी चालवतच नव्हतो," तो म्हणाला.

"चालवत होतास."

"तू चालवत होतास. मी नुसता बसलो होतो."

"तसं नाही रे."

"तसंच आहे. आजाऱ्याला सूप भरवतात तसं तू मला मशीन भरवत होतास." त्याचा आवाज चढला होता. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा बसला. सॉनात माणूस येरझाऱ्या घालत नाही. तेवढी जागाच नसते.

"सूपाचं म्हणशील तर," क्योस्टी म्हणाला, "हेल्काने कॅन्टीनमध्ये मला कधी दुसऱ्यांदा सूप मागू दिलं नाही. मागायच्या आधीच वाढायची. म्हणायची, तुझ्यासारखा माणूस मागता मागता निवृत्त होईल."

टार्मोने मान वर केली. हेल्काने गिरणीच्या कॅन्टीनमध्ये निम्मे आयुष्य काढले होते. पण ती गेल्यापासून गिरणीत कुणी तिचे नाव त्याच्यासमोर काढले नव्हते. सगळे सांभाळून होते. आज पहिल्यांदा कुणीतरी तिचे बोलणे तिच्याच ठसक्यात बोलून दाखवले.

"तिला हे कळलं असतं तर तिने तुला धरून झोडलं असतं," टार्मो म्हणाला. "अंडी उकडतानासुद्धा पाणी उकळलं की ती शेगडी बंद करायची. उरलेल्या गरमीवर होतात म्हणायची. आणि तू तिच्या नावाने एवढी वाफ जाळलीस."

"म्हणून तर ती असेपर्यंत जाळली नाही. घाबरायचो मी तिला."

टार्मोला हसू आले. ते बाहेर येता येता भलतेच काहीतरी झाले. क्योस्टीने दगडांवर पाण्याचा अख्खा डबा ओतला. वाफेने सगळे भरून गेले आणि काही वेळ कुणालाच कुणाचा चेहरा दिसला नाही.

"मला ओलं दे," वाफ विरल्यावर टार्मो म्हणाला.

"आणि तुटला तर?"

"तुटू दे."

"तुझ्या अंगावर येईल."

"येऊ दे. आणि खिडकीकडे बघत उभा राहू नकोस. काय कच्चं आहे ते सांग मला."

पुढच्या शिफ्टला टार्मो दुपारी आला तेव्हा क्योस्टी दारातच उभा होता. पाठ केल्यासारखा बोलला. नदीकडची कड ओली आहे. मधल्या गटातला एक रूळ नीट तापत नाही, आत पाणी साचत असावे. कागद रुळांवर दाबून धरणारे कापड एका बाजूला सरकते आहे. मग थांबला, आणि म्हणाला, "दिलं बघ ओलं." असे म्हणताना त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्याने टार्मोच्या खिशात हात घातला आहे.

"घेतलं," टार्मो म्हणाला.

तो पडद्यासमोर बसला. ओलाव्याचा आकडा जिथे असायला हवा तिथे होता, आणि शिफ्टच्या सुरुवातीला तिथे तो एप्रिलपासून त्याने पाहिला नव्हता. पाण्याच्या फवाऱ्याची गरज नव्हती. कागद धावत होता. टार्मोला खुर्चीवर बसवेना, पण आज जावेसे कुठेच वाटत नव्हते. कान मशिनाकडे होते. आवाजात एक बारीक फडफड आली, ती त्याला धोक्याचा दिवा लागायच्या आधी ऐकू आली.

"नदीकडे," तो ओरडला आणि धावला.

कागद तुटलाच. ओला पट्टा रुळावर चिकटून गुंडाळत गेला, बघता बघता मांडीएवढा जाड झाला. छत्रीचे दरवाजे वर गेले, आतून भट्टीसारखी हवा अंगावर आली. टार्मो आणि त्याची तीन माणसे लांब आकड्यांनी गरम कागद ओढत होती, पायाखाली रद्दीचा ढीग साचत होता, घाम डोळ्यांत जात होता. कुणीतरी बाजूने येऊन ढीग लगद्याच्या खड्ड्यात लोटायला लागले. टार्मोने पाहिले. क्योस्टी होता. अंगावर घरी जायचा स्वेटर.

"घरी जा," टार्मो ओरडला.

"जातो. हे एवढं ढकलतो."

"तुझी शिफ्ट संपली."

"काल तू माझ्या सॉनात आलास, तेव्हा मी काही म्हणालो?"

"म्हणालास."

"मग तूही म्हण."

रूळ मोकळा झाला. कागदाची अरुंद शेपटी त्यांनी कागद ओढून नेणाऱ्या दोरांच्या मधून पुढे सोडली. ती पहिल्यांदा सटकली, दुसऱ्यांदा सटकली, तिसऱ्यांदा धरली, रुंद होत गेली आणि पुन्हा मशीनभर पसरली. टार्मोच्या मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा उठला होता. त्याने घड्याळ पाहिले आणि चकित झाला. दोन वाजल्यापासून त्याला एकदाही घर आठवले नव्हते.

शुक्रवारी सानाने बैठकीत कुणाचेच नाव घेतले नाही. क्योस्टीचा फुगवटा त्यानंतर दिसलाच नाही. टार्मोच्या शिफ्टला कागद मात्र अधूनमधून तुटायला लागला, कधी आठवड्यात एकदा, कधी दोनदा. तो चिडायचा, धावायचा, शिव्या द्यायचा, आणि घरी जाऊन मेल्यासारखा झोपायचा.

आणि आणखी एक अडचण झाली. पंधरा मिनिटे थांबायचा नियम होता, पण मशिनाचे सांगायला पाच पुरायची. उरलेल्या दहा मिनिटांत करायचे काय? पहिल्या दिवशी दोघे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी क्योस्टी म्हणाला, "एकदा हेल्काने मुख्य साहेबाला रांगेच्या शेवटी पाठवलं होतं, ठाऊक आहे का तुला?" टार्मोला ठाऊक नव्हते. मग क्योस्टीने ते सांगितले. त्यानंतर रोज काही ना काही निघायचे. कॅन्टीनमधली हेल्का टार्मोने फारशी पाहिलीच नव्हती. ती तिथे मोठ्याने गाणी म्हणायची, हेही त्याला पहिल्यांदाच कळले. कधी ऐकून बरे वाटायचे, कधी जीव कासावीस व्हायचा, आणि दोन्ही वेळेला तो दुसऱ्या दिवशीच्या दोन वाजण्याची वाट बघायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी निकाल आला. आकडा खाली आला होता, केसभर, पण खाली. मशीन आणखी दोन वर्षे चालणार होते. सानाने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बोलावून सांगितले. समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी "हं" म्हणाले. दोघांनी वेलदोड्याच्या पावाकडे हात नेला.

"एवढंच?" साना म्हणाली.

"आम्ही आत्ता नाचतोय, साना," योऊको म्हणाला. "तुला दिसत नाही, एवढंच."

ती हसली आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. केस अगदी बारीक कापलेले होते. त्याच दिवशी ती दुसऱ्या गिरणीकडे निघाली. जाताना म्हणाली की तो पंधरा मिनिटांचा नियम चाचणीपुरता होता; आता वाफ कशी राखायची ते तुम्हीच ठरवा, मशिनाचं सांगून झालं की पुरे.

हे ऐकल्यापासून टार्मोचे चित्त ठिकाणावर नव्हते. दोन वर्षे मिळाली होती. मशीन मिळाले होते. पण दुसऱ्या दिवशी गिरणीकडे येताना त्याने लोटाकडे पाहिलेसुद्धा नाही. पाच मिनिटांत मशिनाचे सांगून क्योस्टी जाईल. का थांबेल? घरी त्याची बायको आहे. आणि आपण तरी काय म्हणायचे, थांब म्हणायचे? असे कुणी कुणाला म्हणत नाही इथे.

क्योस्टी दारात उभा होता. कड सांगितली, कापड सांगितले, थंड रूळ सांगितला. सांगून झाले. त्याने जाकिटाची चेन वर ओढली आणि मान हलवली, पूर्वीसारखी.

टार्मोने मान हलवली नाही.

"तो रूळ," तो म्हणाला, "नीट कळलं नाही मला. दाखव चल."

"मधल्या गटातला. रोजचाच आहे."

"हो, पण दाखव."

क्योस्टीने त्याच्याकडे पाहिले. मग चेन खाली ओढली. दोघांनी आवाज अडवणाऱ्या टोप्या कानांवर चढवल्या आणि मशिनाच्या कडेने निघाले. आवाज एवढा होता की जमीन पायांतून बोलत होती. रुळापाशी आल्यावर क्योस्टीने बोट दाखवले. बघण्यासारखे तिथे काहीच नव्हते. दोघे उभे राहिले. कागद त्यांच्या शेजारून धावत होता, न तुटता. मग क्योस्टीने हात पुढे करून टार्मोच्या एका कानावरची टोपी उचलली, तोंड अगदी जवळ आणले आणि ओरडून सांगायला लागला की एकदा ख्रिसमसच्या आधी हेल्काने कॅन्टीनमध्ये काय केले होते.